भाजलेला मासा आणि प्लेटो

सायमन मावशीच्या मयतावरून घरी न जाता थेट कट्ट्यावर आला. आमचा कट्टा म्हणजे वसईतल्या एका पिठाच्या गिरणीची पायरी, समोर चहाची टपरी. थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. प्रद्याला शांतता सोसत नाही, म्हणून त्यानेच विचारलं, "फादर काय बोलले?"

"नेहमीचंच. देह मातीचा, मातीला मिळाला. आत्मा अमर आहे, तो देवाकडे गेला."

"म्हणजे गीताच की! वासांसि जीर्णानि."

"गीता नाही, प्लेटो," सर म्हणाले. सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झालेत, पण तास संपल्याची घंटा त्यांना अजून ऐकू आलेली नाही. "आणि बायबल तर त्याहून नाही."

"सर, मी आत्ता माणूस पुरून आलोय."

"चुकलं माझं."

"नाही, बोला आता. नाहीतर तुम्हाला रात्री झोप लागायची नाही."

मग सर बोललेच. सॉक्रेटिस तुरुंगात आहे, विषाचा प्याला यायचाय. त्याचा मित्र क्रिटो विचारतो, तुला पुरायचं कसं? सॉक्रेटिस हसतो. म्हणतो, तुम्हाला हवं तसं पुरा, फक्त मी तुमच्या हाती सापडलो पाहिजे. त्याच्या लेखी तो स्वतः म्हणजे आत्मा, देह ही कोठडी आणि मरण म्हणजे सुटका. हे सगळं प्लेटोच्या 'फीडो'मध्ये आहे. पण बायबलामागच्या ज्यू परंपरेत माणूस म्हणजे देवाने श्वास फुंकलेली माती. तिथे आशा धरली ती मेलेले पुन्हा उठतील याची, हाडामांसासकट.

"येशूचा प्रचार करत पौल अथेन्सला गेला तेव्हा हीच तर गंमत झाली," सर पुढे म्हणाले. "समोर एपिक्युरियन आणि स्टोइक, म्हणजे तत्त्वज्ञांचे दोन पंथ. त्याने त्यांच्याच कवीची, अरॅटसची ओळ ऐकवली, आपण त्याचीच लेकरं आहोत म्हणून. तोवर सगळे ऐकत होते. मेलेला माणूस उठला म्हटल्यावर मात्र काही जण खो खो हसले."

"मग मी काय वेगळं म्हणतोय?" सायमन उसळला. "लूकच्या शुभवर्तमानात उठलेला येशू शिष्यांना विचारतो, खायला काही आहे का? ते त्याला भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यादेखत खातो. प्लेटोचा आत्मा मासा खाईल?"

वसईकराने मासा मध्ये आणला की निम्मा वाद तिथेच जिंकलेला असतो.

"तेच तर विचारतोय," प्रद्या म्हणाला. "पुस्तकात मासा आहे, मग फादरच्या तोंडी प्लेटो कुठून आला? नित्शे म्हणतो ते खरंय, ख्रिस्ती धर्म म्हणजे जनतेसाठी काढलेला प्लेटोवाद."

"नित्शे वाचलास की पॉडकास्ट ऐकलास?"

"पॉडकास्ट."

मेघनाने चहा सांगितला. सरांनी आता जस्टिनची गोष्ट काढली, आणि ती मला फार आवडली. दुसऱ्या शतकातला हा माणूस सत्य शोधत गुरूंच्या दारोदार फिरला. स्टोइकाला देवाविषयी काही सांगता येईना. अ‍ॅरिस्टॉटलच्या पंथातल्याने थोड्याच दिवसांत फीचं काय ते विचारलं. पायथागोरसवाला म्हणाला, आधी संगीत, खगोल आणि भूमिती शिकून ये. (क्लासवाले तेव्हाही होते म्हणायचे.) प्लेटोवाल्यांकडे तो रमला आणि तिथून ख्रिस्ती झाला. पण तत्त्ववेत्त्याचा झगा त्याने अंगावरून उतरवला नाही, आणि जे जे लोगोसला धरून जगले ते ख्रिस्तीच, मग तो सॉक्रेटिस का असेना, असं लिहून मोकळा झाला. पुढे साधारण १६५ साली रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला.

"लोगोस म्हणजे आपल्या बायबलातला 'शब्द'," सायमनने आम्हाला सांगितलं. "प्रारंभी शब्द होता."

इथे मराठी थोडी लंगडी पडते असं माझं मत. शब्द म्हटलं की आपल्याला दिलेला शब्द आणि फिरवलेला शब्द आठवतो. ग्रीकांच्या लोगोसमध्ये बोलणं आहे, हिशेब आहे, युक्तिवाद आहे आणि विश्व ज्या सूत्राने चालतं ते सूत्रही आहे. हेराक्लिटसने तो ख्रिस्ताच्या पाचशे वर्षं आधी वापरला. अलेक्झांड्रियाच्या फायलो नावाच्या ज्यू पंडिताने, तोही जवळपास येशूच्याच काळातला, देव आणि जग यांच्यामधला दुवा म्हणून त्याला बसवला. योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या ओळीला तोच शब्द लिहिला तेव्हा शिकलेल्या ग्रीक वाचकाने नक्की कान टवकारले असणार.

"म्हणजे कपडे ग्रीक," सायमन म्हणाला, "माणूस आमचाच. आपल्या स्टीफन्सने नाही का केलं? इंग्रज जेझुइट पाद्री गोव्यात आला आणि त्याने मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, जवळजवळ ११ हजार ओव्या. १६१६ साली छापलं. ओवी घेतली म्हणून येशू वारकरी झाला का?"

हे बिनतोड होतं. सरही दोन घोट चहा प्यायले.

"ओवी ही चाल झाली," ते म्हणाले. "चाल बदलली तरी गाणं राहतं. पण ३२५ साली निकियाच्या धर्मसभेत चालीचा प्रश्न नव्हता. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणत होता, पुत्र निर्माण केलेला आहे, तो नव्हता असंही एकदा होतं. सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशप जमवले. उत्तर म्हणून त्यांनी जो शब्द घातला तो होमोऊसिओस. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा. हा शब्द बायबलात शोधून सापडायचा नाही. त्यातला ऊसिया, म्हणजे तत्त्व, हा अ‍ॅरिस्टॉटलच्या कारखान्यातला माल. कित्येक बिशपांना तेच खुपत होतं. मग काहींनी मध्ये एक आयोटा, म्हणजे ग्रीक 'इ', घातला, होमोइऊसिओस, म्हणजे तशाच तत्त्वाचा. एका अक्षरावरून पिढ्या भांडल्या."

"'ध'चा 'मा'," प्रद्या म्हणाला.

"आणि भांडणारे फक्त बिशप नव्हते. निसाचा बिशप ग्रेगरी कॉन्स्टँटिनोपलविषयी वैतागून सांगतो, सुटे पैसे मागा, तर समोरचा जन्मलेला आणि न जन्मलेला यांवर प्रवचन देतो. पावाचा भाव विचारा, तर पिता थोर आणि पुत्र त्याच्या हाताखाली. हमामात पाणी तापलं का विचारा, तर म्हणे पुत्र शून्यातून झाला."

मेघना खळखळून हसली. "म्हणजे आपला कट्टा!"

"हसा. पण माझा मुद्दा बघा. येशूने हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली, मोहरीच्या दाण्याची सांगितली. काय कराल, कोणाला माफ कराल, हे त्याचे प्रश्न. तीनशे वर्षांनी प्रश्न झाला, हा कुठल्या द्रव्याचा बनलाय? हे कपडे नाहीत, सायमन. इथे प्रश्नच बदलला."

मला ते पटलं, आणि अजून पटतं. पण सायमन ऐकणारा नव्हता. "प्रश्न ग्रीकांचा असेल सर, उत्तर कुठल्या ग्रीकाने दिलं असतं ते सांगा. देव सुतार झाला, रडला, खिळ्यांनी ठोकला गेला, आणि तोच पुरा देव! प्लेटोला घेरी आली असती."

सर हसले. मग स्वतःच्या विरुद्ध जाणारा पुरावा त्यांनी स्वतःच दिला. माणूस प्रामाणिक आहे. पुढे मोठा ख्रिस्ती पंडित झालेला ऑगस्टीन ३८६ साली मिलानमध्ये धर्माकडे वळला, त्याच्या आधी त्याने प्लेटोवाद्यांची पुस्तकं लॅटिनमधून वाचली होती. तो लिहितो की प्रारंभी शब्द होता, हे मला त्यांच्यात सापडलं, भाषा वेगळी असली तरी. शब्द देही झाला, हे मात्र कुठे सापडलं नाही.

"घ्या!" सायमनने मांडीवर थाप मारली.

मेघनाने चर्चमध्ये प्रसाद म्हणून देतात त्या भाकरीचा विषय काढला. ती केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे भाकर तीच दिसते पण असते ख्रिस्ताचं शरीर, हे तिला पचत नाही. सरांनी थोडक्यात उरकलं. तत्त्व बदलतं, रंग-चव हे गुण तसेच राहतात, ही थॉमस अक्विनास या ख्रिस्ती पंडिताची फोड. तेराव्या शतकातली, आणि भाषा पुन्हा अ‍ॅरिस्टॉटलचीच, ज्याच्या काही पुस्तकांवर पॅरिसमध्ये १२१० साली बंदी होती. धर्मसुधारक ल्यूथरने १५१७ मध्ये हे सगळं झटकायचं ठरवलं. देवज्ञानापुढे अख्खा अ‍ॅरिस्टॉटल म्हणजे प्रकाशापुढे अंधार, असं म्हणाला. "लागू पडलं का?" मेघनाने विचारलं. सरांनी फक्त हात हलवला. गिरण सुरू झाली होती, ओरडून बोलायचा त्यांना कंटाळा आला असावा.

गिरण थांबल्यावर प्रद्या जरा हळू आवाजात म्हणाला, "पण मग फादर आज आत्म्याबद्दलच का बोलले? देह उठेल असं का नाही म्हणाले?"

"म्हणाले की. श्रद्धेच्या प्रार्थनेत आम्ही सगळेच म्हणतो, देहाचं पुनरुत्थान. फक्त तेव्हा कुणाचं लक्ष नसतं." सायमन ग्लासच्या तळाशी बघत होता. "मावशीचं असायचं. पाच वर्षांपूर्वीच तिने लाल लुगडं ट्रंकेत काढून ठेवलं होतं. कोरं. हेच नेसवा म्हणायची. आम्ही चिडवायचो, मेल्यावर कोण बघतंय तुला? तर म्हणायची, मेल्यावर नाही रे, उठल्यावर."

"नेसवलं?"

"मग? काठ थोडा वाळवीने खाल्ला होता. तो आत दुमडला."