१५ मिनिटांत स्टार ट्रेक मावत नाही

परवा रात्री 'वर्ल्ड इनफ अँड टाइम' पुन्हा पाहिला. 'स्टार ट्रेक' म्हणजे साठच्या दशकात सुरू झालेली अंतराळयानाच्या प्रवासाची अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका. चाहत्यांनी पदरमोड करून चालवलेल्या 'स्टार ट्रेक: न्यू व्हॉयेजेस' या मालिकेतला हा २००७ सालचा भाग. यानाचा सुकाणू सांभाळणारा सुलू एका अपघातात भलत्याच जगात अडकतो. जहाजावर परत येतो तेव्हा त्याचं वय ३० वर्षांनी वाढलेलं असतं आणि सोबत त्याची तरुण मुलगी असते. हा म्हातारा सुलू साकारलाय मूळ मालिकेतल्या सुलूनं, खुद्द जॉर्ज टाकेई यांनी. साठच्या दशकात हा माणूस सुकाणूपाशी बसून कॅप्टनचे हुकूम पाळत राहिला. अख्खी गोष्ट त्याच्या खांद्यावर टाकावी असं तेव्हा लेखकांना फारसं वाटलं नाही. चाहत्यांना वाटलं, आणि वयाच्या सत्तरीत टाकेईंना ती गोष्ट मिळाली. विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्कारासाठी या भागाला नामांकनही मिळालं.

आजच्या नियमांत हा भाग बसत नाही. एक तर तो तासाभराचा आहे. दुसरं म्हणजे त्यात टाकेई आहेत.

स्टार ट्रेकचे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंट या स्टुडिओंनी २३ जून २०१६ ला फॅनफिल्मसाठी, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या फिल्मसाठी, मार्गदर्शक नियम जाहीर केले. एक गोष्ट १५ मिनिटांत संपवायची. फार तर तिचे दोन भाग, मिळून ३० मिनिटं. पुढचा भाग नाही, मालिका नाही. काम करणारे सगळे हौशी हवेत, कुणालाही मोबदला नाही, आणि स्टार ट्रेकच्या कुठल्याही अधिकृत मालिकेत वा चित्रपटात पूर्वी काम केलेला माणूस चालणार नाही. वर्गणी ५०,००० डॉलरपर्यंत. हे सगळं पाळलं तर आम्ही हरकत घेणार नाही, एवढंच आश्वासन. आणि हे नियम कधीही बदलण्याचा किंवा मागे घेण्याचा हक्क स्टुडिओकडेच.

हे नियम कशामुळे आले ते सांगायला हवं, कारण या भांडणात चाहत्यांची बाजू धुतल्या तांदळासारखी नव्हती. २०१४ मध्ये 'प्रिल्यूड टू अ‍ॅक्सनार' आला. २१ मिनिटांचा, माहितीपटाच्या धाटणीचा, आणि फार देखणा. त्याच्या जोरावर 'अ‍ॅक्सनार' या पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी लोकांकडून दहा लाख डॉलरहून जास्त रक्कम गोळा झाली. त्यातून जागा भाड्यानं घेऊन स्टुडिओ उभारायचं काम सुरू झालं. डिसेंबर २०१५ मध्ये सीबीएस आणि पॅरामाउंटनं अ‍ॅक्सनारच्या निर्मात्यांवर कॉपीराइटचा खटला भरला. मला तो खटला अन्यायाचा वाटत नाही. दुसऱ्याच्या विश्वावर एवढा पैसा उभा राहिला की तिथे धंदा सुरू होतो, आणि मालकानं गप्प बसावं अशी अपेक्षा धरता येत नाही. ५०,००० डॉलरची मर्यादा मला म्हणूनच मान्य आहे. फॅनफिल्मवर कुणी पैसे कमवू नयेत हेही मान्य.

माझं भांडण घड्याळाशी आहे.

मूळ मालिकेचा एक भाग साधारण ५० मिनिटांचा. त्यात काय घडायचं ते आठवा. जहाज एका ग्रहापाशी येतं, कुणीतरी पेचात सापडलेलं असतं. यानावरचा अधिकारी स्पॉक तर्क मांडतो, डॉक्टर मॅकॉय त्याच्यावर उखडतो, आणि कॅप्टन कर्क त्या दोघांच्या मधे उभा राहून असा निर्णय घेतो ज्यात काहीतरी गमवावंच लागतं. या भांडणाला वेळ लागतो. परका माणूस आधी शत्रू वाटायला हवा, मग हळूहळू आपला वाटायला हवा. १५ मिनिटांत तुम्ही श्रेयनामावली वजा करा, ओळख करून देण्याची दोन-तीन मिनिटं वजा करा, आणि उरलं त्यात काय दाखवता येतं? लढाई. जहाजं समोरासमोर, स्फोट, एखादं बलिदान, समाप्त. स्टार ट्रेकमधलं जे सगळ्यात कमी स्टार ट्रेक आहे तेवढंच या मापात नीट बसतं. चांगल्या लघुपटाची ताकद मी जाणतो, काही सुंदर १५ मिनिटं मी पाहिलीही आहेत. पण लेखकानं स्वतः निवडलेला आखूडपणा वेगळा आणि वकिलानं ठरवून दिलेला वेगळा.

शिवाय मोठ्या लांबीनं स्टुडिओचं नेमकं काय नुकसान होतं? फुकट दाखवलेला तासाभराचा हौशी भाग पाहून कुणी नवी अधिकृत मालिका पाहायचं सोडतं, हे मला पटत नाही. माझ्या ओळखीतले जेवढे लोक फॅनफिल्म पाहतात, ते सगळे अधिकृत मालिका दोनदा पाहतात.

आता एक तारीख सांगतो. खटल्याच्या केंद्रस्थानी असलेला गार्थ, अ‍ॅक्सनारच्या लढाईचा नायक, मूळ मालिकेत एकाच भागात येतो. तो भाग प्रसारित झाला ३ जानेवारी १९६९ ला, तिसऱ्या पर्वात. आणि तिसरं पर्व आलं कसं? मालिका बंद पडणार अशी चिन्हं होती तेव्हा बीजो ट्रिंबल या चाहतीच्या आणि त्यांच्या पतीच्या पुढाकारानं चाहत्यांनी मालिका दाखवणाऱ्या एनबीसी वाहिनीवर पत्रांचा पाऊस पाडला. १९६८ च्या मार्चमध्ये वाहिनीनं मालिका चालू राहणार असं जाहीर केलं. ती पत्रं गेली नसती तर कदाचित गार्थ जन्मालाच आला नसता. पुढे ३ जानेवारी २०१७ ला, बरोबर ४८ वर्षांनी, न्यायाधीश क्लाउसनर यांनी निकाल दिला की अ‍ॅक्सनारला 'फेअर यूज'चा, म्हणजे परवानगीशिवाय रास्त वापर केल्याचा, बचाव घेता येणार नाही. त्याच महिन्यात तडजोड झाली आणि अ‍ॅक्सनारला १५-१५ मिनिटांच्या दोन भागांची मुभा मिळाली.

कायद्याच्या दृष्टीनं निकाल बरोबर असेल. ते विडंबन नव्हतं आणि उचललेलं पुष्कळ होतं. पण कायद्यानं हक्क दिला म्हणून तो शेवटच्या इंचापर्यंत वापरलाच पाहिजे असं नाही. 'स्टार वॉर्स' चित्रपटांची मालक कंपनी लुकासफिल्मनं २००२ पासून त्यांच्या फॅनफिल्मची स्वतःच स्पर्धा भरवली. सुरुवातीला फक्त विडंबन आणि माहितीपट चालायचे, २००७ मध्ये चाहत्यांच्या स्वतंत्र गोष्टींनाही दार उघडलं. म्हणजे मालकाला दार उघडता येतं.

माजी कलाकारांवरची बंदी तर मला सगळ्यात जास्त लागते. वय झालेल्या नटाला, निवृत्त लेखकाला, जुन्या रंगभूषाकाराला त्या विश्वात एकदा फुकटात परत यायचंय, आणि ज्यांनी त्याला आयुष्यभर जीव लावला त्यांच्यासोबत काम करायचंय. यात कुणाचं काय जातं?

अमेरिकी कायद्यानुसार १९६६ चे पहिले भाग कॉपीराइटमधून मोकळे होतील ते २०६२ उजाडल्यावर. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी तेव्हा कोण असणार? पैशाची मर्यादा ठेवा, हवी तर आणखी कडक करा. वेळेचं कलम आणि माजी कलाकारांचं कलम, ही दोन काढा. आणि ज्यांनी टाकेईंचा तो भाग पाहिला नसेल त्यांनी तो पाहा, मग मुलगी आणि सुलू यांच्या शेवटच्या प्रसंगाबद्दल इथे खाली बोलू.