गेटवर नेमकं काय तपासायचं?

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर तो जुना फॉरवर्ड परत फिरत आला. अमेरिकेत बेकायदा आलेले लोक म्हणे अटकेचं वॉरंट दाखवून विमानात बसतात, आणि आपण आधार विसरलो तर आमच्या गोव्यातल्या दाबोळी विमानतळाच्या दारातूनच घरी. खाली धा-बारा हसणारे इमोजी, आणि आमच्या एका भावजींनी लगेच लिहिलं की आपल्याकडे पण हेच, भायल्यांना, म्हणजे बाहेरून आलेल्यांना, सगळं माफ. मी तिथे गप्प बसले कारण त्या ग्रुपवर एकदा सुरू झालं की कुणाची ना कुणाची पेज करपतेच. म्हणून इथे लिहिते.

तर फॉरवर्ड पूर्ण खोटा नाही हो. 2022 मध्ये टीएसएने, म्हणजे तिथले आपल्या सीआयएसएफसारखे तपासणीवाले, त्यांनी एका खासदाराला लेखी उत्तरात कबूलच केलं होतं की ज्यांच्याकडे दुसरं काहीच नाही अशा लोकांचे इमिग्रेशनचे कागद, त्यात ते वॉरंट पण आलं, आम्ही बघतो. पण कसे बघतो ते फॉरवर्डात नाही. त्या कागदावर एक नंबर असतो, तो सरकारच्याच रेकॉर्डला लावून माणूस तोच का बघायचं, आणि वर बॅगा-अंग जास्तीचं तपासायचं. म्हणजे कागद हा पास नव्हता, फाईल शोधायचं टोक होतं. आणि यातल्या बऱ्याच लोकांना सरकारनेच कोर्टाची तारीख देऊन सोडलेलं, ते सीमेवरून आपल्या माणसांकडे निघालेले. सोडलंय तुम्हीच, मग तो जाणार कसा, चालत?

बरं, पाकीट हरवलेला अमेरिकन नागरिक सुद्धा पत्ताबित्ता विचारून, रेकॉर्डशी जुळवून वर्षानुवर्षं आत सोडतच होते की. आता 1 फेब्रुवारी 2026 पासून त्याला 45 डॉलर लावलेत, एकदा भरले की धा दिवस चालतात. त्यावर कुणाचा फॉरवर्ड मला आला नाही.

गंमत म्हणजे सीमेवर अपॉइंटमेंट घ्यायचं एक ॲप होतं, सीबीपी वन, त्यातला फोटो पण ओळख म्हणून बघायचे. 2025 मध्ये सरकार बदललं तशा त्या अपॉइंटमेंट बंद, आणि नवीन नियम असा की ते ॲप दाखवून विमानात बसता येईल, पण देश सोडून जाणार असाल तरच. माणूस तोच, फोटो तोच, मोबाईल पण तोच, जाताना खरा आणि फिरताना खोटा! मला तिथेच कळलं की हा प्रश्न ओळखीचा राहिलेलाच नाही.

कायदेशीर राहणाऱ्यांचं तसं सोपं आहे. कुठल्याही देशाचा पासपोर्ट चालतो, ग्रीन कार्ड चालतं, वर्क परमिटचं कार्ड चालतं. रिअल आयडीचा, म्हणजे विमानासाठी पक्कं ओळखपत्र लागेल हा, कायदा 2005 चा, तो पुढे ढकलत ढकलत शेवटी 7 मे 2025 ला लागू केला, तेव्हापासून साधं लायसन्स चालत नाही, वर तारा असलेलं लागतं. आम्ही दोघं त्यानंतरच जूनमध्ये मुलाकडे न्यू जर्सीला होतो आणि तिथून शार्लटला जावेच्या मुलीकडे निघालो. मुलगा एच-वन-बी वर, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसावर. तिथे लायसन्सची मुदत व्हिसाला बांधलेली असते हे मला माहीतच नव्हतं, व्हिसाची मुदतवाढ अडकली की लायसन्सही संपतं, माणूस तोच, गाडी चालवायचा हात तोच, पण लायसन्स मेलं. म्हणून त्याने आपला पासपोर्ट पुढे केला. त्या बाईने मशीनमध्ये घातला, तोंडाकडे बघितलं, जा म्हणाली. मिनिट पण लागलं नसेल. पण त्याआधी रांगेत मी ह्यांना मोठ्याने विचारलं की डब्यातले बेबिंकाचे तुकडे बाहेर काढायचे काय, तर मुलगा हळूच म्हणतो, "आई, इथे जरा हळू बोल." सगळे कागद खरे असलेला माझा मुलगा, आणि आईचं मराठी त्याला जड झालं. मला ते लागलं, खोटं कशाला सांगू.

आता गोंयकारांना हे कागदांचं काय नवीन सांगायचं. ह्यांच्या वडिलांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत नाईकच्या शेवटी क्यू यू ई आहे, शाळेच्या दाखल्यात नुसता के. कामतांचं तिथे कामोतीम. घरात एकच बाप आणि कपाटात दोन. शेजारच्या आंतोनच्या पोराचं तर विचारूच नका. आजोबा 19 डिसेंबर 1961 च्या आधी जन्मलेले म्हणून लिस्बनला नोंद केली, पोर्तुगीज पासपोर्ट घेतला, इंग्लंडात स्विंडनला गेला. तो घेतला त्या दिवशी भारताचं नागरिकत्व गेलं, आपला कायदा तसाच आहे. आता ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांचं, आणि लाल पासपोर्ट घेऊन दाबोळीला उतरतो, आणि सगळा वाडा त्याला न्यायला जातो. त्याला कोण भायलो म्हणत नाही. आणि त्याच्या घराचं प्लास्टर करणारा बागलकोटचा माणूस, भारताचाच नागरिक, खिशात मतदार कार्ड, तो भायलो. भावजी, हे मी तुम्हालाच सांगतेय, वाचत असाल तर.

माझं म्हणणं एवढंच आहे. विमानतळाच्या गेटवर प्रश्न दोनच असावेत, तू तोच का, आणि तुझ्या बॅगेत काय आहे. मागच्या सीटवरच्या माणसाचा जीव त्या दोन उत्तरांवर आहे, शेजारच्याचा व्हिसा कधी संपतो त्यावर नाही. व्हिसा बघायला वेगळी माणसं आहेत, वेगळं ऑफिस आहे, कोर्ट आहे, त्यांनी आपलं काम खुशाल करावं, बेकायदा ते बेकायदाच, मी कुठे नाही म्हणते. पण दोन्ही कामं एकाच टेबलावर आणली की ज्याला भीती आहे तो खरं नाव घेऊन रांगेत येणारच नाही, दुसऱ्याचं कार्ड शोधेल नाहीतर बसने जाईल, म्हणजे ज्याला ओळखायचं होतं नेमका तोच तुमच्या मशीनसमोर नाही. मग तपासलं कुणाला? माझ्या मुलासारख्यांना.

2025 च्या डिसेंबरात बातम्या आल्याच, की टीएसए प्रवाशांची नावं इमिग्रेशनवाल्यांना देते आणि ते विमानतळावर येऊन थांबतात. मी लगेच मुलाला फोन केला तर म्हणाला, काही नाही गे आई, एक्स्टेन्शन आलं, लायसन्स पण नवीन झालं, ताऱ्याचं आहे, काळजी नको.

नाताळात परत शार्लटला गेला. मी विचारलं फ्लाईट किती वाजताची, तर म्हणे गाडी घेऊन चाललोय, धा तास लागतात, रस्ता चांगला आहे.