रेल्वेने समता आणली म्हणणाऱ्यांनी पुलमनच्या पोर्टरांबद्दल वाचावं

‘रेल्वेने जात मोडली’ हे वाक्य आपल्याकडे शाळेतल्या निबंधापासून पुढाऱ्यांच्या भाषणापर्यंत सगळीकडे सापडतं. एका डब्यात सगळे खेटून बसले आणि विटाळ गेला, असं काहीसं. मला हे कधीच पटलं नाही. १९०१ च्या सुमारास छोटा भीमराव घरच्या इतर पोरांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे जायला निघाला तेव्हा आगगाडीचा प्रवास सुरळीत झाला होता. मसूर स्टेशनवर उतरल्यावर पोरं महार आहेत हे कळलं आणि स्टेशन मास्तरचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, पोरांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. इथं रेल्वेने काय मोडलं? काही मोडलं असेल तर ते रेल्वेतल्या माणसांनी, जसे अमेरिकेतल्या पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांत प्रवाशांची सेवा करणारे काळे पोर्टर. त्यांच्याकडे येतोच.

अमेरिकेतही हीच गोष्ट मोठ्या दिमाखात सांगितली जाते. रेल्वे म्हणजे राष्ट्राची प्रगती, रेल्वेने देश जोडला. १० मे १८६९ ला युटामधल्या प्रॉमॉन्टरीला दोन्हीकडून आलेले रूळ जोडले गेले, सोन्याचा खिळा ठोकला, फोटो निघाले. त्यातल्या सेंट्रल पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या बाजूचे बहुतेक मजूर चिनी होते. डोंगर त्यांनी फोडले. १८६७ मध्ये गोऱ्यांइतका पगार मागत त्यांनी संप केला, तर कंपनीने त्यांची रसद तोडली. आणि १८८२ मध्ये त्याच देशाने चिनी मजुरांना येण्याची बंदी करणारा कायदा केला.

काळ्या माणसांचं तर विचारूच नका. १८३८ च्या सप्टेंबरमध्ये फ्रेडरिक डग्लस हा वीस वर्षांचा गुलाम बाल्टिमोरला गाडीत चढला. अंगावर खलाशाचे कपडे, खिशात दुसऱ्याच माणसाची खलाशी कागदपत्रं. त्यातलं वर्णन याच्याशी जुळत नव्हतं. कंडक्टरने ते नीट वाचलं असतं तर सगळं संपलं असतं. त्याने वरवर नजर टाकली, तिकिटाचे पैसे घेतले आणि पुढे गेला. चोवीस तासांच्या आत डग्लस न्यूयॉर्कमध्ये, स्वतंत्र. ही गोष्ट रेल्वेच्या बाजूची म्हणून सांगता येईल. पण तीनच वर्षांनी, गुलामगिरी नसलेल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, त्याच डग्लसला काळ्यांच्या डब्यात जा म्हणून फर्मावलं. तो हलेना. इतका घट्ट धरून बसला की त्याला ओढून काढताना बाकही उखडलं.

पुढे दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवण्याचे कायदेच झाले. कायद्याच्या लेखी काळा ठरलेल्या होमर प्लेसीचा खटला अनेकांनी ऐकला असेल. ७ जून १८९२ ला न्यू ऑर्लीन्समध्ये पहिल्या वर्गाचं तिकीट काढून तो गोऱ्यांच्या डब्यात बसला. ते ठरवून केलं होतं. नागरिकांच्या एका समितीने कायद्याला आव्हान देण्यासाठी त्याला बसवलं होतं, अटक करणारा डिटेक्टिव्हही समितीनेच नेमला होता. रेल्वे कंपनीची त्याला मूक संमती होती, कारण प्रत्येक गाडीला वेगळे डबे जोडायचे म्हणजे खर्च. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी सांगितलं की वेगळं बसवणं घटनेत बसतं. त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं तेच चाललं. लुइझियानाच्या गव्हर्नरने प्लेसीला माफी दिली ती २०२२ मध्ये.

असा एक डबा मी वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात पाहिला. सदर्न रेल्वेचा, नंबर १२००. इतका अजस्र की २०१३ मध्ये तो आधी क्रेनने खाली उतरवला आणि मग इमारत त्याच्याभोवती उभी केली. आतून चालत जाता येतं. गोऱ्यांच्या भागात डोक्यावर सामानाचे रॅक, ऐसपैस स्वच्छतागृह, त्याला लागून टेकायला जागा. मधल्या भिंतीपलीकडे काळ्यांचा भाग. तिथे रॅकच नाहीत. सुटकेस पायाशी घ्यायची आणि गुडघे पोटाशी धरून रात्रभर बसायचं. एका डब्यात, एकाच इंजिनामागे, एकाच वेळी स्टेशनात पोचणारी ही माणसं. एकत्र प्रवास केला की मनं जुळतात म्हणणाऱ्यांनी तिथे पाच मिनिटं बसून यावं.

मग बदललं कुणी? माझ्या लेखी पहिला मान पुलमनच्या पोर्टरांचा.

जॉर्ज पुलमनने १८६७ मध्ये झोपायच्या आलिशान डब्यांची कंपनी काढली आणि प्रवाशांच्या दिमतीला नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले काळे पुरुष ठेवले. सेवा करायची सवय आहे, पगार कमी चालतो, हा हिशोब. बर्थ उघडायचे, चादरी घालायच्या, सामान उचलायचं, रात्री सगळे झोपले की बूट पॉलिश करायचे. पॉलिशची डबी मात्र स्वतःच्या पैशाने आणायची! झोप मिळाली तर तीन-चार तास. महिन्याला चारशे तासांच्या आसपास काम. प्रवासी त्यांना नावाने हाक मारत नसत. सगळे ‘जॉर्ज’. मालकाचं नाव गुलामाला लावायची जुनी रीत तशीच पुढे चालू.

या माणसांनी काय केलं पाहा. शिकागोचं ‘डिफेंडर’ हे काळ्यांचं वर्तमानपत्र दक्षिणेत उघड वाटणं धोक्याचं होतं. पोर्टर त्याचे गठ्ठे गाडीतून नेऊन गावोगाव पोचवायचे. उत्तरेत काम आहे, इथून निघा, ही खबर अशी पसरली. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख काळी माणसं दक्षिण सोडून गेली, आणि त्यातले असंख्य लोक याच गाड्यांनी गेले.

२५ ऑगस्ट १९२५ ला न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत पोर्टरांची युनियन स्थापन झाली. नेता ए. फिलिप रँडॉल्फ. तो स्वतः पोर्टर नव्हता, म्हणून कंपनीला त्याला कामावरून काढता येईना. इतरांना काढलं, पाळत ठेवली, फोडाफोडी केली. बारा वर्षं चिवटपणे लढून १९३७ मध्ये, त्याच २५ ऑगस्टला, करार झाला. महिन्याचे तास २४० वर आले. आपल्या गिरणी कामगारांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या बारा वर्षांचं मोल वेगळं सांगायला नको.

रँडॉल्फ तिथे थांबला नाही. १९४१ मध्ये त्याने वॉशिंग्टनवर मोर्चा काढायचा इशारा दिला आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वर्णभेदाला मनाई करणारा आदेश काढावा लागला. मॉन्टगोमेरीत बसमधली जागा गोऱ्याला द्यायला नकार दिला म्हणून रोझा पार्क्सना अटक झाली तेव्हा जामिनासाठी धावलेले ई. डी. निक्सन पोर्टरच. १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा, ज्यात मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते प्रसिद्ध भाषण झालं, त्याचा म्होरक्याही रँडॉल्फ, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. किंग सगळ्यांना माहीत आहेत. रँडॉल्फचं नाव आपल्या किती पुस्तकांत आहे?

जानेवारी २००९ मध्ये ओबामा शपथ घ्यायला रेल्वेने गेले. फिलाडेल्फिया, विल्मिंग्टन, बाल्टिमोर, वॉशिंग्टन. लिंकनही शपथेला असेच रेल्वेने गेले होते, म्हणून सगळ्यांनी त्यांची आठवण काढली. मला त्या वाटेवर डग्लसचा पळून जायचा रस्ता दिसतो, उलट दिशेने. त्याच ओबामांनी २०१५ मध्ये शिकागोतल्या पुलमन या कंपनीच्या कामगार वसाहतीला राष्ट्रीय स्मारक केलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

आपल्यातले पुष्कळ आईबाबा मुलांकडे शिकागोला जातात, मिलेनियम पार्कात फोटो काढून परत येतात. शहराच्या दक्षिणेला पुलमन आहे, मेट्राची लोकल तिथे जाते. घड्याळाच्या मनोऱ्याची जुनी इमारत आहे, कामगारांची विटांची घरं आहेत, आणि जवळच रँडॉल्फच्या नावाचं पोर्टरांचं संग्रहालय. एक दिवस काढून जा, आणि नातवंडांना बरोबर न्या.