सरांना स्टेजवर का बोलावलं नाही?

आज आमच्या तालुक्याच्या व्हॉलीबॉल स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला गेले होते. मुलींचा संघ जिंकला, आता जिल्ह्याला जाणार. स्टेजवर पुढारी, देणगीदार, माजी पदाधिकारी, सगळ्यांना शाल-श्रीफळ. मुलींच्या गळ्यात मेडल. आणि ज्यांनी हा संघ उभा केला ते आमचे सर त्या वेळी ग्राउंडच्या टोकाला एकटे नेटची तार सोडवत होते. एकाही भाषणात त्यांचं नाव नाही! आयोजकांपैकी एकाला विचारलं तर म्हणतो, "अगो, सर खेळत होते तेवा मान दिलोच मा? आता ते नुसती प्रॅक्टिस घेतत."

नुसती प्रॅक्टिस?

तेव्हापासून डोकं तापलंय. पोस्ट लांब होणार आहे, तरी वाचा.

नवीन मंडळींसाठी सांगते. सर राज्याच्या विजेत्या संघातले स्मॅशर. त्यांची सर्व्हिस बघायला लोक कुडाळहून यायचे. मुंबईत खेळाडू कोट्यातली पक्की नोकरी होती. ती सोडून वेंगुर्ल्याला परत आले आणि शाळेच्या तांबड्या मातीच्या ग्राउंडवर आम्हा पोरींना शिकवायला लागले. पावसाळ्यात ग्राउंडचा चिखल झाला की पडवीत उभं करायचे. जांभ्याच्या भिंतीवर अंडरहँड मारून मारून बॉलची साल निघायची, आमच्या मनगटांचीही. एखादी नुसती बॉलकडे बघत राहिली की मागून आवाज यायचा, "चेंडू काय बघतंस गो? तिचो खांदो बघ."

माझी उंची पाच फूट एक इंच. मुलींचं नेट २.२४ मीटर. हात वर केला तरी माझी बोटं नेटच्या खालीच राहायची. दुसऱ्या कुठल्याही शिक्षकांनी मला बाकावर बसवलं असतं. पण १९९८ मध्ये जागतिक व्हॉलीबॉलमध्ये लिबेरो आला. हा खेळाडू मागच्या ओळीत राहून फक्त बॉल उचलतो, ब्लॉक करत नाही आणि त्याची जर्सी वेगळ्या रंगाची असते. सरांनी कुठूनतरी तो नियम मिळवला, वहीत उतरवून घेतला आणि माझ्यासाठी बाजारातून एक पिवळा टी-शर्ट आणला. बाकी संघ निळ्यात. मॅचला समोरच्या संघाने हरकत घेतली, पंचांनाही नियम नीट ठाऊक नव्हता. तेव्हा सर वही उघडून पंचांच्या टेबलापाशी उभे राहिले. आवाज न चढवता एकेक ओळ वाचून दाखवली. मी त्या दिवशी खेळले.

हजारो लोकांसमोर खेळलेला माणूस एका बुटक्या पोरीला खेळू द्या म्हणून वही घेऊन उभा होता. याला तुम्ही नुसती प्रॅक्टिस म्हणता?

चीनची लांग पिंग बघा. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळाडू म्हणून सुवर्ण, स्मॅश असा की लोक तिला लोखंडी हातोडा म्हणायचे. तिथेच थांबली असती तरी तिचं नाव राहिलं असतं. पण ती कोच झाली. २००८ ला बीजिंगमध्ये अमेरिकेच्या मुलींना घेऊन आली, त्यांनी चीनला चीनमध्येच हरवलं आणि पुढे रौप्य मिळवलं. मग स्वतःच्या देशाचा संघ हातात घेतला आणि २०१६ ला रिओत सुवर्ण. खेळाडू म्हणूनही आणि कोच म्हणूनही ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी व्हॉलीबॉलमधली ती पहिलीच. अमेरिकेच्या कार्च किरायने टोकियोत तेच केलं. यातलं अर्धं करिअर तुम्ही कचऱ्यात टाकणार का?

आपल्याकडे अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाला आणि कोचसाठीचा द्रोणाचार्य १९८५ ला. चोवीस वर्षं कोणाला सुचलंच नाही की या खेळाडूंना कोणीतरी शिकवलंय. आणि सचिन तेंडुलकरला घडवणारे क्रिकेट कोच आचरेकर सर तर आपल्या मालवणचे! प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. त्यांना आज जग कशासाठी ओळखतं हे सिंधुदुर्गातल्या माणसाला मी सांगायचं?

हो, प्रत्येक मोठा खेळाडू चांगला कोच होतोच असं नाही, मान्य. नुसत्या नावावर शिबिरं घेणारेही पाहिलेत.

लिहिता लिहिता जिमी जॉर्ज आठवला. १९८६ च्या सेऊल एशियाडमध्ये ब्राँझ जिंकलेल्या भारताच्या व्हॉलीबॉल संघातला. पुढच्याच वर्षी इटलीत अपघातात गेला, वय फक्त बत्तीस. त्याच्या हातात शिकवायची वर्षं आलीच नाहीत. किती पोरं त्याच्याकडून काय काय शिकली असती, या विचाराने गलबलून येतं. आमच्या सरांना ती वर्षं मिळाली आणि त्यांनी ती इथे, या मातीत घातली. तो पिवळा टी-शर्ट त्यांनी स्वतःच्या पैशाने आणला होता. हे मला फार नंतर, काकूंकडून कळलं. सर स्वतः कधीच बोलले नाहीत, आजही बोलणार नाहीत. म्हणून तर चीड येते! न मागणाऱ्या माणसाला काहीच द्यायचं नाही, अशी सवय लागलीय आपल्याला.

आयोजक मंडळी राबतात, पदरचे पैसे घालतात, ते मी नाकारत नाही. पण स्टेजवर एक खुर्ची वाढवायला किती खर्च येतो?

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमानी मित्रमैत्रिणींनो, चषकासाठी तुम्ही दरवर्षी वर्गणी देता. या वेळी पावती फाडताना सांगा की प्रमाणपत्रावर कोचचं नाव छापा आणि बक्षिसाला आधी त्यांना वर बोलवा. चषक थोडा लहान चालेल, उरलेल्या पैशांतून बॉल आणि नवीन नेट घ्या. सध्याच्या नेटला सुतळीच्या गाठी मारल्यात, आज जवळून पाहिल्या.

मी उद्या संध्याकाळी आयोजकांना भेटायला जातेय. सरांकडे शिकलेल्यांपैकी जे कोणी वेंगुर्ल्यात असाल त्यांनी मेसेज करा, एकत्र जाऊ. एकटीचं ऐकत नाहीत.