‘अ लव्ह सुप्रीम’ काहीही न ठरवता वाजवले गेले होते का?

अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन यांच्या ‘अ लव्ह सुप्रीम’ या अल्बमविषयी एक मजकूर वरचेवर फिरत असतो: चार वादकांनी एका रात्रीत, काहीही लिहिलेले वा ठरवलेले नसताना, समाधी लागल्यागत तो वाजवला आणि त्याचा पाया भारतीय रागसंगीताचा आहे.

‘एका रात्रीत’ हे बव्हंशी खरे. चारही भाग 9 डिसेंबर 1964 रोजी न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले. मात्र दुसऱ्याच दिवशी आर्ची शेप यांचा सॅक्सोफोन आणि आर्ट डेव्हिस यांचा डबल बास सोबत घेऊन पहिला भाग पुन्हा वाजवून पाहिला गेला. अल्बमसाठी निवड झाली ती चौघांच्याच वादनाची. शिवाय त्या भागात ‘अ लव्ह सुप्रीम’ या शब्दांचा जो नामघोष आहे, त्यावर कोलट्रेन यांनी आपला आवाज नंतर वेगळा मुद्रित करून पुन्हा चढवला आहे. समाधीत इतकी व्यवहारदक्षता सहसा आढळत नाही.

‘लिहिलेले नव्हते’ हा दावा तर कागदोपत्रीच खोटा ठरतो. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे कोलट्रेन यांच्या हातचा आराखडा आहे. त्यात नऊ वादकांचा ताफा कल्पिला आहे, आणि शेवटचा स्वरमेळ त्यांच्याच ‘अलाबामा’ या रचनेच्या अखेरीसारखा वाटावा, अशी सूचनाही आहे. चार स्वरांची मूळ आकृती बाराही स्वरपट्ट्यांतून फिरवल्याचे पहिल्या भागात स्पष्ट ऐकू येते. सर्वांत मुक्त वाटणारा चौथा भाग, ‘साम’ (Psalm, म्हणजे स्तोत्र), हा तर सर्वांत बांधलेला आहे: अल्बमच्या वेष्टनावर छापलेली कोलट्रेन यांची प्रार्थना समोर धरून ऐकले, तर सॅक्सोफोन तिचे शब्द जवळजवळ अक्षरशः उच्चारत असल्याचे कळते. मॅकॉय टायनर (पियानो), जिमी गॅरिसन (डबल बास) आणि एल्विन जोन्स (ड्रम्स) या साथीदारांना तोंडी सूचना फारशा नव्हत्या, हे मान्य. पण सुमारे तीन वर्षे एकत्र वाजवणाऱ्यांना त्या लागल्याही नसत्या.

रागाचा दावा थोडक्यात आटोपता येतो. कोलट्रेन यांना भारतीय संगीताची ओढ निश्चित होती. 1961 मध्ये त्यांनी ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली आणि 1965 मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव पंडित रविशंकर यांच्यावरून रवी ठेवले. तथापि या अल्बमचा तिसरा भाग सरळसरळ बारा मात्राखंडांचा मायनर ब्लूज आहे, आणि तो अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या परंपरेतून आलेला आहे.