चार बोटं वर

तीस वर्षं बँकेत काढली, म्हणजे तीस वर्षं शिक्के मारले. कॅश रिसीव्ड, कॅश पेड, ट्रान्सफर, क्लिअरिंग, आणि रोज सकाळी चाकं फिरवून तारीख बदलायचा तो डेट स्टँप. मार्चअखेरीला माझा उजवा हात झोपेतसुद्धा पलंगाच्या कठड्यावर व्हाउचरं पास करायचा, असं ही सांगते. त्यामुळे सूनबाईनं जेव्हा विचारलं, "बाबा, आत्याआजींच्या सहस्रचंद्रदर्शनाला हातानं केलेलं कार्ड देऊ या का? ठशांचं?" तेव्हा मी "आण इकडे" म्हणालो ते निव्वळ अनुभवाच्या जोरावर. शिक्का तो शिक्का. पॅडवर टेकवायचा, कागदावर हाणायचा. तीस वर्षांत एकही खातेदार काउंटरवर येऊन म्हणाला नव्हता, की साहेब, तुमचा 'कॅश रिसीव्ड' हवेत तरंगतोय.

सूनबाईनं तिचा डबा उघडला. ठसे पारदर्शक, जेलीच्या खाऊसारखे लिबलिबीत. अ‍ॅक्रिलिकच्या ठोकळ्यावर नुसते ठेवले की आपोआप चिकटतात. ठोकळाही आरपार दिसणारा, त्यामुळे ठसा नेमका कुठे पडणार ते आधीच कळतं. (आमच्याकडे ही सोय नव्हती. मॅनेजरसाहेबांच्या सहीवर शिक्का पडला, की मग कळायचं.) डब्यात गवताचे तुरे होते, ढग होते, चंद्र होता आणि सोंड वर केलेला एक गोंडस हत्ती होता. सोंड वर म्हणजे शुभ. चंद्र तर हवाच. पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५३ दिवस धरले, तर हजार पौर्णिमांना ८० वर्षं आणि वर साधारण दहा महिने लागतात, हे मी हिशेब करून सगळ्यांना सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं.

पहिला हत्ती मी हाणला. त्याला दोन सोंडा आल्या आणि भोवती ठोकळ्याच्या कडेची चौकट उमटली.

"बाबा, मारायचा नाही. टेकवायचा, सगळीकडून सारखा दाबायचा, सरळ उचलायचा. डुलवायचा नाही."

डुलवणं हाच तर आमचा हातखंडा होता. जुन्या, झिजलेल्या शिक्क्याच्या चारही कडा उमटवायच्या तर तो होडीसारखा डुलवावाच लागे. ती सवय मोडायला तीन कार्डं गेली. चौथ्यावर मात्र असा देखणा हत्ती उमटला, की मी तो जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत बसलो.

ही गवारीच्या शेंगा मोडत समोर बसली होती. बराच वेळ बघून म्हणाली, "अहो, हा पडतोय की चढतोय?"

"कोण?"

"हत्ती. धर्मराजाच्या रथासारखा चार बोटं वर चाललाय."

मी बघितलं. पांढऱ्याशुभ्र कार्डाच्या बरोबर मधोमध हत्ती. वर काही नाही, खाली काही नाही. चारही पाय आपले लोंबताहेत. एकदा दिसलं ते दिसलंच. आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण कार्ड कुणाला द्यायचं होतं ते आठवलं.

आत्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवायची. शाळेत तिला 'बाई' म्हणायचं आणि घरी 'आत्या', असा कडक नियम होता. घरी चुकून 'बाई' म्हटलं तर लाडू मिळायचा आणि शाळेत चुकून 'आत्या' म्हटलं तर पट्टी. पाचवीत भेंडी आडवी कापून ठसे काढायला तिनंच शिकवलं. भेंडीची फुलं मला झकास जमायची, कारण फुलांना जमीन लागत नाही. फुलं हवेत असली तरी त्याला नक्षी म्हणतात. खरी पंचाईत पुढे एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीत झाली. वस्तुचित्राला समोर मडकं, वांगं आणि चुण्या पाडलेलं कापड. मी मडकं काढलं. गोल काढलं, गळा काढला, चकाकी दाखवली. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मडकं कशावर ठेवलंय?"

"टेबलावर, बाई."

"ते तिकडे. इथे कशावर आहे?" मग सगळ्या वर्गाला उद्देशून, "स्वयंवरात पाच नळ उभे होते. दमयंतीनं खरा कसा ओळखला? देवांची सावली पडत नाही आणि देवांचे पाय जमिनीला लागत नाहीत. हे मडकं देव आहे का?"

वर्ग हसला. परीक्षेत मला सी श्रेणी मिळाली. त्यानंतर मी कॉमर्सला गेलो. आता पंचेचाळीस वर्षांनी त्याच बाईंच्या हातात मी एक तरंगता हत्ती देणार होतो.

"सोपं आहे, बाबा," सूनबाई म्हणाली. "पायाखाली काहीतरी द्यायचं. याला ग्राउंडिंग म्हणतात."

सोपं आहे म्हणून मी पट्टी घेतली आणि चारही पायांखालून एक सरळ रेघ मारली. हत्ती तारेवर चालायला लागला. सर्कशीत शोभला असता. रेघ जरा जाड केली, तर खाली वाकलेली फळी वाटायला लागली आणि हत्तीबद्दल काळजी.

मग गवत. गवताचा ठसा घेऊन मी पायांवरून ओळीनं उमटवत गेलो. गवत पायांच्या पुढे यायला हवं होतं, ते आलं पायांच्या आरपार. काळ्या रेघांवर हिरव्या रेघा. हत्ती गवतात उभा नव्हता, हत्तीला गवत फुटलं होतं. सूनबाईनं समजावलं: जे पुढे दिसायला हवं त्याचा ठसा आधी मारायचा, त्याच आकाराची चिकटचिठ्ठी कापून त्यावर झाकायची, मग मागच्याचा ठसा मारायचा आणि चिठ्ठी काढून घ्यायची. म्हणजे रांगेचाच नियम, पुढे असेल त्याचं काम आधी. हे मला पहिल्यांदा मनापासून पटलं. पण गवताची एकेक काडी कात्रीनं कापताना माझा अंगठा बधिर झाला. चिठ्ठी उचलली तेव्हा हत्ती आणि गवत यांच्यामध्ये केसाएवढी पांढरी फट राहिली होती. चिठ्ठी जरा सैल कापली की असं होतं म्हणे.

इथे चिरंजीव मध्ये पडले. म्हणाले, "एवढं काय त्यात? वारली चित्रात तारपा वाजवणाऱ्याभोवती अख्खं गाव फेर धरून नाचतं. कुणाच्या पायाखाली जमीन काढलेली असते का?"

"अरे, तिथे गेरूची भिंत म्हणजेच जमीन," सूनबाई म्हणाली.

"मग गेरूच्या रंगाचं कार्ड का नाही आणलं?"

मी गप्प बसलो. ३०० जीएसएमच्या, म्हणजे चांगल्या जाड, पांढऱ्या कागदाचा पन्नासचा गठ्ठा मीच घाऊक भावात पडतो म्हणून उचलला होता.

चौथा उपाय सावलीचा. राखाडी मार्कर घेऊन हत्तीच्या डाव्या बाजूला मी सुबक लंबगोल सावली काढली. चंद्रही डावीकडेच होता. ते लक्षात आणून दिल्यावर पुढच्या कार्डावर सावली उजवीकडे काढली. पायांवर मार्कर जाऊ नये म्हणून तेवढी बोटभर जागा मात्र सोडली. कार्ड लांब धरून पाहिलं आणि हादरलो. आधी हत्ती नुसता तरंगत होता. आता तो चक्क उडी मारत होता. सावली दिल्यावर जास्तच वर गेला!

हे कोडं मला रात्री झोपू देईना. साडेदहाला पार्किंगमध्ये उतरलो, दिव्याखालून चार पावलं पुढे जाऊन उभा राहिलो. सावली माझ्या चपलांपासूनच सुरू होत होती, मध्ये फट नाही. मग इकडे-तिकडे बघून एक उडी मारली. वर असताना खाली बघणं या वयात अवघड असतं, पण तिसऱ्या उडीला दिसलं: पाय सुटले की सावली पायांपासून सुटते. म्हणजे मी कागदावर जी फट सोडली होती, तीच बघणाऱ्याला सांगत होती की हा प्राणी हवेत आहे. पायाला चिकटलेली सावली वस्तूला खाली बसवते, सुटलेली सावली तिला विमान करते. एवढी साधी गोष्ट. खात्रीसाठी चौथी उडी मारली.

"काका, काही पडलं का?" मागून वॉचमन.

"नाही रे. सावली बघतोय."

तो दोन पावलं मागे सरकला. दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीवर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी हिला विचारलं, "भाऊंची तब्येत बरी आहे ना?"

शहाणपण आलं तोवर मार्करनं दगा दिला. पायाला चिकटवून सावली काढली, तशी काळी शाई मार्करच्या ओलाव्यात उतरली आणि हत्तीचे मागचे दोन पाय पसरले. शाई आणि मार्कर यांची सोयरीक आधी तपासून घ्यावी लागते, हेही मला नंतरच सांगण्यात आलं.

मग टेकडी. फाडलेल्या कागदाची कड खाली धरून स्पंजनं हिरवी शाई थोपटली, की कागद उचलल्यावर छान नागमोडी टेकडी उमटते. हे काम मला अगदी भेंडीच्या ठशांसारखं जमलं. फक्त मी ती टेकडी प्रामाणिकपणे पायांच्या खाली काढली. आता हत्ती टेकडीच्या वर, संक्रांतीच्या पतंगासारखा. सूनबाईनं हसू दाबत बोट ठेवलं: टेकडीची कड पायांच्या खाली नाही, पायांच्या मागे, गुडघ्यांच्या उंचीवर हवी. पाय जमिनीच्या रंगात बुडले पाहिजेत. क्षितिज नेहमी पायांच्या वर असतं. हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि मी स्वतः रोज टेकडीवर फिरायला जातो.

एव्हाना गठ्ठ्यातली एकोणतीस कार्डं खर्ची पडली होती. शेवटी मी हत्ती कापूनच काढला (शेपूट गेलं) आणि हिरव्या पट्टीवर चिकटवला, तोही डब्यातली फोमची जाड चिकटपट्टी लावून, म्हणजे उठाव येईल. ही शेजारून वाकून बघत म्हणाली, "आता मात्र खरोखरच वर आहे हो." होताच. पट्टीपासून दोन मिलिमीटर. मोजले मी.

त्या रात्री सूनबाईला माझी दया आली असावी. "बाबा, पाय दाखवायचेच कशाला?" ती म्हणाली. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी जे पहिलं नाताळकार्ड छापून घेतलं, त्याचं चित्र तिनं मला फोनवर दाखवलं. मधल्या चित्रात घरभर मंडळी पेले उंचावून बसली आहेत आणि त्यांच्यापुढे शुभेच्छा लिहिलेलं कापड सोडलंय. पाय एकाचेही दिसत नाहीत. मला भरून आलं. अहो, ही तर आमची युक्ती! स्मरणचित्रात माणसांचे पाय जमायचे नाहीत म्हणून आम्ही सगळी जत्रा गुडघाभर गवतात उभी करायचो आणि हात खिशात घालायचो.

हिरवा कागद संपला होता. निळा होता. निळ्या कागदाची रुंद पट्टी कापली, त्यावर 'सहस्रचंद्रदर्शन सोहळ्यानिमित्त सादर प्रणाम' लिहिलं आणि हत्तीच्या गुडघ्यांपासून खालचं सगळं झाकून टाकलं. डावीकडे चंद्र. हत्ती जागच्या जागी, भक्कम, ट्रेझरीच्या तिजोरीसारखा.

सोहळ्याच्या दिवशी औक्षण झालं, फोटो झाले, जेवणं झाली. आत्या खुर्चीत बसून एकेक पाकीट उघडत होती. माझं उघडलं. चष्मा कपाळावर सरकवला, कार्ड नाकाजवळ नेलं, मग हातभर लांब धरलं.

"इकडे ये रे."

गेलो. गुडघे आठवीत असल्यासारखे.

"याचे पाय कुठायत?"

निळ्या पट्टीकडे बघत माझ्या तोंडून गेलं, "पाण्यात आहेत, आत्या. गजेंद्रमोक्ष."

"मग मगर कुठंय?"

"खाली आहे. पाण्याखाली. दिसत नाही."

ही पलीकडून माझ्याकडे बघत होती. हत्तीच्या बाबतीत अर्धवट खरं बोलल्यावर धर्मराजाचा रथ जसा खाली आला, तसे माझे पाय टाइल्सना टेकले.

"पाण्यात उभा आहे म्हणतोस," बाई म्हणाल्या, "तर पाण्याला वलयं येतील की नाही? पाय जिथे बुडतो तिथून? पेन्सिल आण."

कुणीतरी पेन्सिल दिली. हात थरथरत होता, पण कागदाला टेकला तसा थांबला. निळ्या पट्टीच्या वरच्या कडेला, जिथे हत्तीचे गुडघे नाहीसे होत होते तिथे, तिनं पायाला वेढणारी दोन चपटी वलयं काढली. मग 'प्रणाम'च्या बाजूनं चंद्राखाली तीन आडव्या तुटक रेघा. बस्स. हत्ती पाण्यात उतरला. थंडगार पाणी आहे हेसुद्धा दिसत होतं.

मग कार्ड उलटं करून, तारीख घालून तिनं मागे शेरा लिहिला आणि कार्ड माझ्याच हातात परत दिलं, तपासलेली वही देतात तसं.

'मडक्यापेक्षा बरा.'