वॉरहॉलचा पोलरॉइड आणि ‘एका बटणाची कला’

अँडी वॉरहॉल या अमेरिकी पॉप चित्रकाराविषयीचा एक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतो आहे. त्याचा आशय असा: वॉरहॉलला चित्र काढता येत नव्हते, तो पोलरॉइड या झटपट फोटो देणाऱ्या कॅमेऱ्याचे बटण दाबे, मिनिटभरात निघालेल्या फोटोवर रंग चढवी आणि श्रीमंतांना हजारो डॉलरना विके, मेरिलिन मन्रोचे गाजलेले चित्रही असेच झाले, त्याचे सगळे काम चोरीचे असल्याचे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले आहे, तेव्हा मुलांनी रेखाटनाच्या सरावात वर्षे वाया घालवू नयेत. हे वाचून माझ्या भाचीने इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेचा अर्जच भरायचा नाही असे ठरवले. त्यामुळे या मजकुराकडे दुर्लक्ष करणे मला आता शक्य नाही.

मन्रोचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. वॉरहॉलने तिची चित्रे १९६२ मध्ये, ‘नायगारा’ या १९५३ च्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी निघालेल्या छायाचित्रावरून केली. त्याच्या व्यक्तिचित्रांशी ज्याचे नाव जोडले गेले तो ‘बिग शॉट’ पोलरॉइड बाजारात आला १९७१ मध्ये.

खरा अनर्थ ‘बटण दाबले की चित्र तयार’ या विधानात आहे. बिग शॉट हा प्लॅस्टिकचा, लांबोडका, स्वस्त कॅमेरा. त्याचा फोकस साधारण एक मीटरवर कायमचा बसवलेला असल्यामुळे छायाचित्रकाराला स्वतःच पुढे-मागे सरकत, कॅमेऱ्याच्या खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणाव्या लागत. वॉरहॉल समोरच्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर बहुधा पांढऱ्या मेकअपचा जाड थर देववीत असे. त्यावर फ्लॅशचा उजेड पडला की सुरकुत्या आणि मधल्या छटा धुऊन जात आणि डोळे, भुवया, नाकपुड्या, ओठ व केसांची कड एवढेच ठळकपणे उरे. सिल्कस्क्रीनच्या, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या बारीक कापडाच्या, जाळीतून छापायला नेमकी अशीच प्रतिमा लागते. म्हणजे पोलरॉइड काढतानाच पुढच्या छपाईचा विचार झालेला असे.

एका बैठकीत असे डझनावारी फोटो निघत. त्यांतून निवडलेल्या फोटोचे पुन्हा छायाचित्रण करून तो पारदर्शक फिल्मवर मोठा केला जाई आणि त्यावरून स्क्रीन तयार होई. तिकडे ४० इंच लांबी-रुंदीच्या कॅनव्हासवर चेहऱ्याच्या कडा कार्बनने उतरवून त्वचा, ओठ, पापण्या आणि पार्श्वभूमी अ‍ॅक्रिलिक रंगांत ब्रशने रंगवली जाई. काळ्या शाईचा छाप साधारणपणे सर्वांत शेवटी, रबरी पट्टीने शाई जाळीतून ओढून उमटवला जाई. छपाईचे बरेचसे काम साहाय्यक आणि व्यावसायिक छपाईकार करत, हे मान्य करायलाच हवे. वॉरहॉलने ते कधी लपवलेही नाही. मात्र कोणता फोटो घ्यायचा, काय गाळायचे आणि छापाखाली कोणता रंग ठेवायचा, हे यंत्र ठरवत नव्हते.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी वॉरहॉल फाउंडेशनने २००७ पासून अमेरिकेतील १८० हून अधिक महाविद्यालयीन व विद्यापीठीय संग्रहालयांना दिलेली २८,५४३ छायाचित्रे पाहावीत. त्यांत एकाच व्यक्तीचे कितीतरी पोलरॉइड शेजारी शेजारी पाहता येतात. हनुवटी कुठे किंचित उचललेली, हात कुठे गालाशी आलेला, नजर कुठे बाजूला वळलेली. चित्रात उतरलेला फोटो या सगळ्यांतून वेचलेला असतो.

चित्र काढता येत नव्हते, हे तर धादांत खोटे आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी इन्स्टिट्यूटमधून १९४९ मध्ये पदवी घेतल्यावर वॉरहॉलने न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींसाठी चित्रे काढून नाव कमावले. आय. मिलर कंपनीच्या बुटांची त्याची रेखाटने तेव्हा गाजत होती. एका कागदावर ओल्या शाईने ओढलेली रेघ दुसऱ्या कागदावर दाबून उमटवायची, ही त्याची त्या काळातली रीत. छापाची तुटक, ठिपक्याठिपक्यांची रेषा त्याच्या हाताला पोलरॉइडच्या कितीतरी आधीपासून परिचित होती. रेखाटन टाळण्यासाठी त्याने कॅमेरा हाती घेतला, असे म्हणायला काहीही आधार नाही.

श्रीमंतांचा मुद्दा अर्धा खरा आहे. मागणीवरून केलेल्या प्रत्येक व्यक्तिचित्राच्या पहिल्या कॅनव्हासला तो २५,००० डॉलर घेत असे. तथापि, एका इटालियन कलाव्यापाऱ्याच्या मागणीवरून १९७५ मध्ये केलेल्या ‘लेडीज अँड जेंटलमेन’ या मालिकेसाठी त्याने न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय व लॅटिनो ड्रॅग कलाकारांचे (स्त्रीवेशात कला सादर करणाऱ्यांचे) आणि ट्रान्स स्त्रियांचे ५०० हून अधिक पोलरॉइड काढले होते.

राहिला चोरीचा आरोप. इतरांची छायाचित्रे वॉरहॉलने न विचारता वापरली, हे नाइलाजाने कबूल करावे लागते; ‘फ्लॉवर्स’ या त्याच्या चित्रमालिकेतील फुलांसाठी छायाचित्रकार पॅट्रिशिया कॉलफिल्ड यांनी त्याच्यावर दावा लावला होता आणि तो तडजोडीने मिटला. सर्वोच्च न्यायालयाचा १८ मे २०२३ चा ७ विरुद्ध २ मतांचा निकाल मात्र लिन गोल्डस्मिथ यांनी काढलेल्या गायक प्रिन्सच्या छायाचित्राविषयी, आणि त्यावर आधारलेले वॉरहॉलचे एक चित्र फाउंडेशनने २०१६ मध्ये मासिकाला छापायला दिले त्या एका व्यवहारापुरता आहे. वॉरहॉलच्या सगळ्या कामाला न्यायालयाने चोरी म्हटलेले नाही, आणि जे पोलरॉइड त्याने स्वतः काढले त्यांचा तर त्या खटल्याशी संबंधही नव्हता.